खुर्द, बुद्रुक आणि डॉट इन

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. छापताना बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



वरण-भात, बट्टी आणि वांग्याची भाजी झाल्यावरचं पहिलं भाषण माझ्या वाट्याला आलंय. मागच्या दोन रांगांत डोळे मिटायला लागलेत, ते मला इथून दिसतंय. पूर्वी अशा वेळी सर खडू फेकायचे. माझ्याकडे खडू नाही, त्यामुळे थोडं मोठ्यानं बोलते.

पत्रिकेत माझा विषय 'शाळेची वेबसाइट' असा छापलाय. वेबसाइट दिसेल कशी, फोटो कुठले टाकायचे, हे मी आज सांगणार नाही. मी फक्त तिच्या नावाबद्दल बोलणार आहे. गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात मोठा वाद याच नावावरून झाला. एक जण म्हणाला, "नावात काय ठेवलंय, कुठलंही घ्या." दुसरा म्हणाला, "डॉट कॉम नसेल तर वेबसाइटच नको." चार वाजता आपण ठराव करणार आहोत. हात वर करण्याआधी कशासाठी करतोय ते प्रत्येकाला कळावं, म्हणून ही पंधरा मिनिटं.

आधी हे सांगते की यात आपलं अडकलंय काय. आपण मुलींच्या पुढच्या शिक्षणासाठी निधी उभा करतोय. दहावी झाली की कॉलेजला पूर्ण्याला किंवा परभणीला जावं लागतं, आणि रोजचं जाणं-येणं परवडत नाही म्हणून शिक्षण थांबतं, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तो निधी देणारे लोक पुण्यात, हैदराबादला, काही परदेशात आहेत. ते तुमचा चेहरा बघून पैसे देणार नाहीत. पडद्यावरचं नाव वाचून देणार आहेत. ते नाव उद्या दुसऱ्याच्या हातात गेलं, तर आपल्या शाळेच्या नावावर दुसराच कोणीतरी पैसे गोळा करील. म्हणून नावात बरंच काही ठेवलंय.

आता हे नाव म्हणजे काय, ते अगदी आपल्या भाषेत सांगते. पाकिटावर आपण पत्ता कसा लिहायचो? आधी माणसाचं नाव, मग मुक्काम पोस्ट ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. लहानाकडून मोठ्याकडे. पण टपाल खात्यातला माणूस तो पत्ता खालून वर वाचतो. आधी जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव. इंटरनेटही तसंच उजवीकडून डावीकडे वाचतं. शेवटचा तुकडा म्हणजे डॉट कॉम, डॉट इन, हा जिल्हा. त्याच्या आधीचं आपलं नाव, ते गाव. एका जिल्ह्यात एकाच नावाचं गाव एकदाच असू शकतं, एवढा एकच कडक नियम आहे. जो आधी येईल त्याला नाव मिळतं.

ही व्यवस्था तशी तरुण आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्याच वयाची. सुरुवातीला जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं एकाच यादीत असायची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंचा गट ती यादी ठेवायचा. म्हणजे हजेरीपटच म्हणा, आणि तो एका बाईंच्या हातात होता. नवीन संगणक आला की त्यांना कळवायचं, मग त्या यादीत नाव घालायच्या. संगणक वाढले, तसा हजेरीपट पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची वाटून दिलेली पद्धत मांडली. १९८५ च्या मार्चमध्ये 'सिंबॉलिक्स' हे पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. आज एकट्या डॉट कॉममध्ये १५ कोटींहून अधिक नावं आहेत. आपण या रांगेत चाळीस वर्षांनी उभे राहिलोय.

म्हणून आपली पहिली पसंती गेली. आपल्यातल्या बहुतेकांना शाळेच्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढे डॉट कॉम हवं होतं. गणिताचे सर समोर बसलेत, म्हणून हिशेब मांडते. २६ अक्षरं, तीन जागा. २६ गुणिले २६ गुणिले २६, म्हणजे १७,५७६ नावं. जगात तीन अक्षरी डॉट कॉम एवढीच होऊ शकतात, आणि ती सगळीच्या सगळी केव्हाच गेली आहेत. त्यात आपल्या शाळेवर कोणी डाव धरलेला नाही. एवढ्या मोठ्या जगात एवढीच थोडी नावं, ती संपणारच.

मग ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "आता काय, दुसऱ्याचं उष्टं नाव घ्यायचं का?" मला हे वाचून हसू आलं. नाव आधीच गेलेलं असणं हा प्रश्न आपल्या लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी सोडवलेला आहे. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत? पिंपळगाव किती? एका नावाची दोन गावं शेजारी आली, तर एकाला बुद्रुक म्हटलं, दुसऱ्याला खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले, बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. कुठे देवाचं नाव जोडलं, जसं परळी वैजनाथ. कुठे घराण्याचं, जसं लोणी काळभोर. कुठे मुलखाचं, जसं वडगाव मावळ. खुर्दातल्या माणसाला कधी आपलं गाव उष्टं वाटलं नाही. सोयरीक जुळवताना मात्र तो खुर्द की बुद्रुक हे स्पष्ट सांगतो, नाहीतर वऱ्हाड भलत्याच गावात उतरायचं. डॉट इन, डॉट ऑर्ग या शेपट्या म्हणजे आपले खुर्द-बुद्रुक आहेत. आपल्याला वऱ्हाड योग्य गावात उतरवायचंय, एवढंच.

आता शेपूट कोणती घ्यायची? दोन अक्षरांची शेपूट असेल तर ती देशाची किंवा प्रदेशाची, हे लक्षात ठेवा. डॉट इन म्हणजे इंडिया. डॉट टीव्ही दूरदर्शनवाल्यांचं वाटतं, पण ते प्रशांत महासागरातल्या तुवालू या छोट्या बेटांच्या देशाचं आहे. सध्या ज्याची चलती आहे ते डॉट एआय कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं आहे. दुसऱ्याच्या देशाची शेपूट घेतली की त्या देशाचं भलंबुरंही आपल्या मागे लागतं. युगोस्लाव्हिया हा देश फुटला, आणि त्याची डॉट वाययू ही शेपूट २०१० मध्ये कायमची बंद झाली. टोकेलाऊ बेटांच्या डॉट टीके या शेपटीची नावं कित्येक वर्षं फुकट वाटली जात होती. फुकट म्हटल्यावर चोरही आले. शेवटी २०२३ मध्ये नवी नावं देणं थांबलं, आणि पुढच्या वर्षी ती वाटणारी कंपनीच या धंद्यातून बाहेर पडली. शाळेच्या निधीचं नाव असल्या जागेवर बांधायचं नाही.

डॉट ऑर्ग हे संस्थांचं म्हणून ओळखलं जातं, आणि ते चांगलंच आहे. पण तिथेही २०१९ मध्ये एक प्रकार झाला. डॉट ऑर्ग सांभाळणारी ना-नफा संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला ११३ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकायचं ठरलं. जगभरच्या सामाजिक संस्थांनी विरोध केला, आणि ३० एप्रिल २०२० रोजी जगातल्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेनं परवानगी नाकारली. आपण घेतो ते नाव आपलं असलं, तरी ज्या जिल्ह्यात घेतो तो जिल्हा कोणाच्या ताब्यात आहे, हे बघावं लागतं.

डॉट इन आपल्या घरचं. ही शेपूट १९८९ पासून आहे, पण सुरुवातीला नियम इतके कडक होते की सामान्य माणूस तिकडे फिरकत नसे. २००५ मध्ये नियम सैल झाले. 'निक्सी' नावाची ना-नफा संस्था ते काम बघते. म्हणून तिथे अजून जागा आहे. डॉट कॉममध्ये १५ कोटींची गर्दी, इथे काही लाखांची. परभणीच्या सोमवारच्या गर्दीत आणि आपल्या आठवडी बाजारात जेवढा फरक, तेवढा म्हणा.

ग्रुपवर काही जणांनी विचारलं, "मग डॉट एज्यू डॉट इन घेऊ ना, शाळेचंच आहे." ते घ्यायचं नाही. तो मान शिक्षण संस्थेचा आहे, कागदपत्रं दाखवून शाळेनं स्वतः घ्यायचा. आपण शाळा नाही, शाळेची मुलं आहोत. काही शेपट्या अशा राखीव असण्यातच त्यांची किंमत असते. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या शेपटीवर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबरची मुदत दिली. कारण एकच, खोटी बँक तिथे दुकान मांडू शकत नाही. तुम्हीही घरी गेल्यावर आई-वडिलांच्या फोनमध्ये एवढं नक्की बघा. बँकेच्या पत्त्याच्या शेवटी बँक डॉट इन दिसतंय का?

शेपूट झाली. आता मूळ नाव. इथे आपल्या गावानं आपली परीक्षा घेतली आहे. ताडकळस. आपल्या तोंडात किती गोड बसतं. आता ते इंग्रजीत लिहा. टी, ए, डी, के, ए, एल, ए, एस, असं मी लिहिते. माझ्या वर्गमैत्रिणीनं डी नंतर आणखी एक ए घातला. एका दादानं टी नंतर दोन ए लावले. आपल्यातल्या दोघांच्या जुन्या कागदपत्रांवर शेवटी एच आहे, ताडकळश. कोणी चुकलेलं नाही. इंग्रजीला ळ नाही, आणि ड कुठे मोकळा म्हणायचा, कुठे जोडून, हेही तिला कळत नाही. आपल्या भागात हे जुनंच दुखणं आहे. रेल्वेच्या इंग्रजी स्पेलिंगात गंगाखेडच्या शेवटी डी नाही, आर आहे, आणि मानवतच्या शेवटी टीएच.

म्हणून माझी नावाची परीक्षा एकच. फोनवर, एसटीत बसून, शेजारी पोरगं रडत असताना, एकदाच सांगितलेलं नाव समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे. ज्या नावाला "मधे आडवी रेघ आहे बरं का", "दोन एस आहेत", "तो दोनचा आकडा आहे, अक्षर नाही" असं शेपूट लावून सांगावं लागतं, ते नाव नापास.

या परीक्षेला ग्रुपवरची नावं बसवली. पहिलं, 'ताडकळसशाळा'. मराठीत सुंदर. इंग्रजीत जोडल्यावर दोन एस शेजारी आले. निम्मे लोक एकच लिहिणार. नापास. दुसरं, 'ताडकळसहजेरी'. मला फार आवडलं होतं. पण एस आणि एच शेजारी आले की वाचणारा ते ताडकळश-अजेरी असं वाचतो. नापास. तिसरं, 'ताडकळसपार'. सुचवणारा म्हणाला, "पारावर बसल्यासारखं वाटलं पाहिजे." मी विचारलं, "बाबा रे, पारावर आम्ही मुली कधी बसलो?" त्यानं हात जोडणारं चित्र पाठवलं.

चौथं, 'ताडकळसकर'. हे जवळजवळ ठरलंच होतं. माणूस गाव सोडून गेला की गाव 'कर' होऊन त्याच्या मागे जातं, ही आपली रीतच आहे. पण त्यावर एका ताईंनी जे लिहिलं ते मी इथे मुद्दाम सांगते. त्या म्हणाल्या, "आम्ही ताडकळसच्या नव्हतो. आम्ही बाजूच्या खेड्यावरून पायी यायचो, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. शाळा आमची होती, गाव आमचं नव्हतं." या सभागृहात अशा किती जणी, किती जण आहेत? हात वर करा बरं. ...बघा. निम्म्याहून जास्त. ज्या नावात एवढी माणसं बाहेर राहतात, ते नाव आपलं कसं होईल? शिवाय ताडकळसकर हे काही घराण्यांचं आडनाव असणार. त्यांच्या दारावरची पाटी आपण कशाला काढायची?

काही जण जिल्ह्याचं नाव जोडा म्हणाले. मी नको म्हटलं. मी दहावीला असताना हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, १ मे १९९९ ला वेगळी झाली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव लागलं, आणि आद्याक्षरं बदलली. सरकारी हद्दी आणि नावं बदलत राहतात, ती योग्य कारणानं बदलतात. पण आपण आपल्या पत्त्यात तेवढंच घालावं, जे आपल्याला बदलावं लागणार नाही.

मग राहिलं पाचवं नाव. 'ताडकळसमित्र'. मित्र हा शब्द इंग्रजीत आपल्याकडे बहुतेक एकाच पद्धतीनं लिहितात. एम, आय, टी, आर, ए. जोडावर गोंधळ नाही. एकूण १३ अक्षरं. आपण शाळा असल्याचा आव त्यात नाही, आणि मित्र व्हायला गावात घर असावं लागत नाही. एका मैत्रिणीनं हरकत घेतली, "मित्र म्हणजे पुन्हा पुरुषच की." तिला उत्तर आपल्या संस्कृतच्या बाईंनी दिलं. संस्कृतात मित्र हा शब्द स्नेही या अर्थी नपुंसकलिंगी आहे, ते मित्रम्. पुल्लिंगी मित्र म्हणजे सूर्य. म्हणजे आपण सगळे त्यात मावतो.

यासोबत आणखी एक नाव घ्यावं असं माझं मत आहे, आणि ते देवनागरीत. ताडकळसमित्र डॉट भारत, सगळं मराठी अक्षरांत. डॉट भारत ही देवनागरी शेपूट २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. त्यात ळ आहे. एच कुठे, ए किती, हा प्रश्नच उरत नाही. आतून संगणक त्याचं रोमन अक्षर-आकड्यांत रूपांतर करतो. 'भारत' हा शब्द यंत्राला 'एक्सएन', मग दोन आडव्या रेघा, मग 'एच२बीआरजे९सी' असा दिसतो. कधी ब्राउझरनं तेच उघडं दाखवलं तर घाबरू नका, वेबसाइट हॅक झालेली नाही. देवनागरी ईमेल पत्ता मात्र अजून पुष्कळ अर्जांत चालत नाही. म्हणून देणग्या आणि ईमेल डॉट इनवर, आणि डॉट भारत हे मागचं दार, ते उघडलं तरी माणूस त्याच घरात येईल. ज्यांना इंग्रजी टाइप करता येत नाही अशा आपल्या आयांना आणि आत्यांना हे मागचं दारच पुढचं दार होईल.

आता पैशाचा मुद्दा. नावांचाही साठेबाज असतो. आवडलेलं नाव तो आधीच धरून बसतो आणि भाव लावतो. आपल्याकडच्या एका उत्साही मित्रानं विचारलं, "दोन लाख जमवून ते डॉट कॉम विकत घेऊ का?" मी त्याला विचारलं, दोन लाखांत किती मुलींचा वर्षाचा एसटीचा पास निघेल? तो गप्प बसला. साधं डॉट इन नाव वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतं.

"मग कोर्टात जाऊ," असंही कोणी म्हणालं. नावावरून कोर्टात जाता येतं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफनं दावा केला होता, कारण समोरच्यानं एक अक्षर बदलून रॅडिफ असं नाव घेतलं होतं. निकाल रेडिफच्या बाजूनं लागला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं की अशा नावाला व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं. पण हे संरक्षण कोणी वाईट हेतूनं आपलं नाव लुबाडलं तर. तीन अक्षरं आधी कोणी सरळपणे घेतली असतील, तर तो त्याचा हक्क आहे. रांगेत पुढे उभा असलेला माणूस चोर नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या रांगा, जाग्या व्हा.

नाव आपण विकत घेत नाही. ते वर्षाच्या ठोक्यानं मिळतं, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. ठोक्याचं शेत जसं मुदत संपली की मालकाकडे परत जातं, तसंच हे. मुदत चुकली तर डॉट कॉमसारख्या नावाला विकणाऱ्या कंपनीप्रमाणे साधारण महिना-दीड महिना सवलत मिळू शकते. मग तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येतं. मग पाच दिवस कुलूप. आणि मग जो पहिला येईल त्याचं.

माझ्या कामात मी एका संस्थेचं असं झालेलं पाहिलंय. संस्थेचं नाव घेत नाही, पण चांगलं काम करणारी माणसं. त्यांचं नाव एका होतकरू मुलानं, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डानं घेऊन दिलं होतं. मुलगा परदेशी गेला, ईमेल बदललं, कार्ड संपलं. सूचना येत राहिल्या, त्या कोणीही न उघडणाऱ्या पेटीत. काही महिन्यांनी त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लागल्या. पावतीपुस्तकांवर, दारावरच्या फलकावर, मुलांच्या प्रमाणपत्रांवर तोच पत्ता छापलेला. त्या मुलाचं वाईट काहीच नव्हतं. त्यानं फुकट सेवा केली होती. पण सातबाऱ्यावर संस्थेचं नावच नव्हतं.

म्हणून ठराव असा आहे. 'ताडकळसमित्र' हे नाव डॉट इन आणि डॉट भारतमध्ये मी मेळाव्याच्या आदल्या रात्री, समितीच्या पाच जणांना विचारून घेऊन ठेवलंय. जाहीर करण्याआधी घेणं भाग होतं, नाहीतर या भाषणातच कोणीतरी फोनवरून घेतलं असतं. आज ती दोन्ही नावं माझ्या नावावर आहेत, आणि मला नेमकी हीच स्थिती संपवायची आहे. माझी नोकरी पुण्यात, उद्या आणखी कुठे. माझी मुलं हे खातं सांभाळतील याची हमी मी देत नाही.

पहिलं, नोंदणी माजी विद्यार्थी मंडळाच्या नावावर व्हावी, संपर्काचा ईमेल मंडळाचा, आणि फोन गावात राहणाऱ्या पदाधिकाऱ्याचा. दुसरं, खात्याच्या किल्ल्या दोघांकडे असाव्यात, एक गावातला आणि एक बाहेरचा, आणि पदाधिकारी बदलले की बँकेत जशा सह्या बदलतात तशा त्याही बदलाव्यात. तिसरं, आत्ताच दहा वर्षांचे पैसे भरावेत, आणि तरीही दर वार्षिक सभेत मुदतीची तारीख मोठ्यानं वाचावी, अहवाल वाचतो तशी. चौथं, पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी पत्ता मोठ्यानं वाचून तपासावा. आणि पाचवं, शाळेला तिचं स्वतःचं नाव घ्यायचं असेल तेव्हा मंडळानं कागदपत्रांना मदत करावी, पण ते नाव शाळेच्याच हाती असावं.

कोणाला दुसरं नाव सुचत असेल, तर अजून वेळ आहे. चार वाजेपर्यंत. एकच अट. ते मला इथून, माइकशिवाय, शेवटच्या रांगेतल्या माणसाला एकदाच सांगून बघा. त्यानं कागदावर बरोबर लिहिलं, तर मी स्वतः ते ठरावात घालीन.

सरांनी घड्याळ दाखवलंय. माझी सोळा मिनिटं झाली आहेत.